प्लायमाउथ का बंद झाली? कार कंपनीचा स्वस्त ब्रँड आतून कसा पोकळ होतो

प्रश्न असा आहे: क्रायसलर कंपनीची प्लायमाउथ एकेकाळी अमेरिकेत फोर्ड आणि शेव्हरोले यांच्या पाठोपाठ तिसऱ्या क्रमांकावर होती, तरी २००१ मध्ये ती बंद का करावी लागली? गाड्या वाईट निघाल्या म्हणून, जपानी गाड्या आल्या म्हणून, की १९९८ साली डाइमलर-बेंझबरोबर झालेल्या विलीनीकरणामुळे? आणि एकूणच मोठ्या कार कंपन्यांचे स्वस्त ब्रँड असे का संपतात?

वाहन उद्योगात उत्पादन-नियोजनाचे काम मी बरीच वर्षे केले. कोणत्या ब्रँडला कोणते मॉडेल द्यायचे, ते कोणत्या किमतीला विकायचे, नव्या साच्यांचा खर्च कोणाच्या नावावर टाकायचा, हे ज्या बैठकांत ठरते त्या मी जवळून पाहिल्या आहेत. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की प्रश्नातली तिन्ही कारणे खरी असली तरी ती दुय्यम आहेत. ग्राहकांनी अचानक पाठ फिरवली म्हणून स्वस्त ब्रँड क्वचितच संपतो. त्याच्याकडे स्वतःचे असे जे असते, म्हणजे स्वतःचे मॉडेल, स्वतःचे दुकान आणि ‘या किमतीत हे फक्त इथेच मिळते’ असे सांगण्याजोगी एखादी गोष्ट, ते त्याच्याच घरातली भावंडे एकेक करून घेतात. शेवटी त्याच्याजवळ फक्त कमी किंमत उरते, आणि कमी किंमत ही मूळ कंपनीने नेमून दिलेली जागा असते. कंपनी ती उद्या दुसऱ्या कोणालाही देऊ शकते.

प्लायमाउथजवळ सुरुवातीला काय होते ते आधी पाहू. वॉल्टर क्रायसलर यांनी १९२८ च्या जुलैमध्ये हा ब्रँड बाजारात आणला. त्याच वर्षी त्यांनी डॉज ब्रदर्स ही कंपनी विकत घेतली आणि डिसोटो हा आणखी एक ब्रँडही उभा केला. जनरल मोटर्समध्ये आल्फ्रेड स्लोन यांनी ‘प्रत्येक खिशासाठी आणि प्रत्येक गरजेसाठी एक गाडी’ अशी शिडी रचली होती, तळाला शेव्हरोले आणि वर कॅडिलॅक. क्रायसलरला तशीच शिडी हवी होती आणि प्लायमाउथ ही तिची तळाची पायरी होती. पण ती पायरी नुसत्या किमतीवर टेकलेली नव्हती. पहिल्या वर्षापासून प्लायमाउथला चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते. शेव्हरोलेने ते १९३६ मध्ये दिले आणि फोर्डने १९३९ मध्ये. १९३१ मध्ये प्लायमाउथने ‘फ्लोटिंग पॉवर’ आणली. त्यात इंजिन रबरी आधारांवर अशा रीतीने बसवले होते की चार सिलिंडरच्या इंजिनाची थरथर सांगाड्यापर्यंत पोहोचत नसे. फ्रान्सच्या सिट्रोएनलाही ती युक्ती वापरण्याचा परवाना घ्यावासा वाटला, यावरून तिचे मोल कळते. म्हणजे प्लायमाउथ घेणाऱ्याकडे शेजाऱ्याला अभिमानाने सांगण्याजोगे काहीतरी होते, आणि ते कमी किमतीपेक्षा वेगळे होते.

दुसरी जमेची बाजू विक्रीच्या जाळ्याची होती. १९३० पासून क्रायसलर, डॉज आणि डिसोटो या तिन्ही जाळ्यांतील विक्रेत्यांना प्लायमाउथ विकायला मिळाली. महामंदीच्या काळात महाग गाड्यांना गिऱ्हाईक नसताना या एका गाडीने त्या विक्रेत्यांना तगवले, आणि कंपनीलाही. १९३१ मध्ये प्लायमाउथ तिसऱ्या क्रमांकावर पोहोचली आणि पुढची दोन दशके ती बहुतेक तिथेच राहिली. या रचनेत एक दुबळेपणा मात्र पहिल्या दिवसापासून होता. प्लायमाउथ तिन्ही दुकानांत मिळत असली तरी तिचे स्वतःचे दुकान एकही नव्हते. दारावर नेहमी दुसऱ्याचे नाव असे आणि प्लायमाउथ त्या नावाखाली बसे. विक्री चांगली असताना हा फायदा वाटला, पण पुढे तीस वर्षांनी याच जागी घाव बसला.

माझ्या मते प्लायमाउथच्या कथेतला निर्णायक क्षण १९६० चा आहे. विलीनीकरण आणि जपानी गाड्या फार नंतरच्या. त्या वर्षी क्रायसलरने विक्रीजाळ्यांची फेररचना केली, डॉज विक्रेत्यांकडून प्लायमाउथ काढून घेतली आणि त्याची भरपाई म्हणून त्यांना ‘डार्ट’ ही गाडी दिली. डार्ट आकाराने पूर्ण मोठी होती, यंत्ररचना प्लायमाउथशी मिळतीजुळती होती आणि किंमतही प्लायमाउथच्याच पट्ट्यातली होती. नाव मात्र डॉजचे होते, म्हणजे लोकांच्या मनात एक पायरी वरचे. ग्राहकाच्या नजरेने पाहा: तेवढ्याच पैशांत वरच्या पायरीचा बिल्ला मिळत असेल, तर खालच्या पायरीचा का घ्यावा? त्या वर्षी डॉजच्या विक्रीचा मोठा भाग एकट्या डार्टने उचलला. १९६० च्या अखेरीस डिसोटो बंद झाली, आणि १९६१ मध्ये तिसरे स्थान अमेरिकन मोटर्सच्या रॅम्बलरने घेतले.

हा निर्णय घेणारी माणसे मूर्ख नव्हती, हे मला आवर्जून सांगायचे आहे. अशा बैठकीत डॉजच्या विक्रेत्यांची बाजू अगदी रास्त वाटते. ते म्हणतात, आमच्याकडे तरुण कुटुंबे येतात, गाडी पाहतात, किंमत ऐकतात आणि शेजारच्या फोर्डच्या दुकानात जातात. आम्हाला एक स्वस्त मॉडेल द्या, आम्ही ती माणसे परत आणतो. नियोजन विभाग हिशेब करतो. सांगाडा तयार आहे, इंजिन तयार आहे, दारे आणि छप्पर तेच आहेत. फक्त पुढची जाळी, मागचे दिवे, आतले कापड आणि बिल्ला बदलायचा आहे. थोड्या खर्चात हजारो जादा गाड्या विकल्या जाणार असतील तर नाही कोण म्हणेल? मी स्वतः असे तक्ते केले आहेत. त्यात ‘भावंडाकडून ओढली जाणारी विक्री’ असा एक रकाना असतो, आणि त्यात भरला जाणारा आकडा माझ्या अनुभवात बहुतेक वेळा फारच लहान धरलेला असे. ज्याला मॉडेल हवे असते तोच तो आकडा सुचवतो, आणि ज्याची विक्री ओढली जाणार असते तो त्या बैठकीत नसतो, किंवा असला तर सर्वांत कनिष्ठ असतो. पहिल्या वर्षी एकूण विक्री वाढते आणि सगळे खूश होतात. स्वस्त ब्रँडचे नुकसान तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसू लागते, तोवर निर्णय घेणारे दुसऱ्या खात्यात गेलेले असतात.

एकदा हा बांध फुटला की पाणी थांबत नाही. पुढची दहा-बारा वर्षे प्लायमाउथने काही उत्तम गाड्या काढल्या, त्यामुळे तिच्यात जीव उरला नव्हता असे मुळीच म्हणता येत नाही. पण प्रत्येक चांगल्या कल्पनेची डॉजला नक्कल मिळाली. १९६० मध्ये आलेली छोटी व्हॅलियंट १९६१ पासून प्लायमाउथच्या नावाखाली आली. १९६३ मध्ये ‘डार्ट’ हे नाव त्याच घडणीच्या, थोड्या लांब गाडीला मिळाले. १९६८ मध्ये रोड रनर आली. तिची कल्पना लख्ख होती: दणकट इंजिन, आत चैनीच्या वस्तू जवळपास नाहीत, आणि किंमत ३,००० डॉलरच्या आत. स्वस्त ब्रँडने काय करावे याचा याहून चांगला नमुना मला सापडत नाही, कारण तिथे साधेपणाच आकर्षण झाला होता. त्याच हंगामात डॉजला सुपर बी मिळाली. बाराकुडा १९६४ मध्ये फोर्डच्या मस्टँगच्या दोन आठवडे आधी आली होती. १९७० मध्ये तिची नवी पिढी आली तेव्हा तिच्यासोबत डॉजची चॅलेंजरही होती. १९७० मध्ये व्हॅलियंटच्या सांगाड्यावर केलेली डस्टर खूप खपली, तेव्हा १९७१ मध्ये डॉजने तिची प्रत ‘डीमन’ नावाने घेतली आणि बदल्यात डार्ट स्विंगरची प्रत ‘स्कँप’ नावाने प्लायमाउथला मिळाली. या शेवटच्या देवाणघेवाणीपाशी मी नेहमी थांबतो. कागदावर ती समान वाटणी दिसते. प्रत्यक्षात त्या दिवसापासून दोन्ही दुकानांत दोन्ही गाड्या मिळू लागल्या, आणि खालच्या ब्रँडकडे जाण्याचे खास कारण उरले नाही.

मूळ कंपनी हे वारंवार का करते, याचे उत्तर खर्चाच्या स्वरूपात आहे. गाडी स्वस्त असली म्हणून तिचे सगळे खर्च त्या प्रमाणात कमी होत नाहीत. पत्रा दाबून दार घडवायला साचा लागतो. तो स्वस्त गाडीसाठी आणि महाग गाडीसाठी जवळपास तेवढ्याच खर्चाचा असतो. जोडणीला लागणारे तास फार कमी होत नाहीत. धडक-चाचण्या, धुराच्या नियमांची पूर्तता, सुट्या भागांचा साठा, मेकॅनिकांचे प्रशिक्षण, जाहिरात, हे सगळे दोन्हीकडे करावे लागते. विक्रीची किंमत मात्र खूप खाली असते. त्यामुळे एका स्वस्त गाडीमागे उरणारा पैसा एका मध्यम गाडीमागे उरणाऱ्या पैशापेक्षा फारच कमी असतो, आणि नव्या इंजिनासाठी किंवा नव्या सांगाड्यासाठी पैसे वाटायची वेळ आली की जिथे ते लवकर परत मिळतील तिथे ते जातात. स्वस्त ब्रँड रांगेत शेवटी उभा राहतो. नवी यंत्रणा आधी वरच्या ब्रँडला मिळते आणि दोन-तीन वर्षांनी खाली झिरपते. १९२८ मध्ये हायड्रॉलिक ब्रेक तळाच्या ब्रँडला पहिल्या दिवसापासून मिळाले होते, कारण तेव्हा फोर्डशी लढण्याची जबाबदारी त्याच्यावर होती. ती जबाबदारी वाटली गेली की नवी यंत्रणा तळाला आधी देण्याचे कारणही संपते.

नियमांचाही इथे वाटा आहे. अमेरिकेत १९९८ च्या मॉडेल-वर्षापासून प्रत्येक प्रवासी कारमध्ये पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग सक्तीच्या झाल्या. हा नियम आवश्यक होता आणि त्याने जीव वाचवले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण असा प्रत्येक नियम गाडीमागे एक ठरावीक रक्कम वाढवतो, आणि ती रक्कम महाग गाडीत हरवून जाते तर स्वस्त गाडीत उठून दिसते. स्वस्त आणि मध्यम यांच्यातले अंतर कमी होत जाते आणि ग्राहक म्हणतो, थोडे आणखी घालू आणि वरची घेऊ.

याच संदर्भात जुन्या गाड्यांचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते बाहेरच्या कारणांत तोच सर्वांत मोठा आहे. नव्या स्वस्त गाडीची खरी स्पर्धा दुसऱ्या नव्या स्वस्त गाडीशी असतेच, पण त्याहून जास्त ती तीन वर्षे वापरलेल्या चांगल्या गाडीशी असते. गाड्या लवकर गंजत आणि लवकर बिघडत तेव्हा जुनी गाडी घेणे जोखमीचे होते आणि कमी पैशांतली नवी गाडी हा शहाणपणाचा पर्याय होता. गाड्या टिकाऊ झाल्या, आणि १९९० च्या दशकात अमेरिकेत भाडेपट्ट्यावर गाडी घेण्याची पद्धत पसरली. दोन-तीन वर्षांनी परत आलेल्या, नीट राखलेल्या मध्यम गाड्या त्याच किमतीत मोठ्या संख्येने उपलब्ध झाल्या. त्यात १९८६ मध्ये ह्युंदाईने एक्सेल ही गाडी ४,९९५ डॉलरपासून आणली होती, आणि १९९८ मध्ये तिने इंजिन व गिअरबॉक्ससाठी दहा वर्षांची किंवा एक लाख मैलांची हमी जाहीर केली. तळाच्या ग्राहकाची सर्वांत मोठी भीती दुरुस्तीच्या खर्चाची असते. या हमीने नेमक्या त्या भीतीला हात घातला. प्लायमाउथकडे त्याला देण्यासारखे उत्तर नव्हते.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धाबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण ती हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. व्हॅलियंट आणि डस्टरसारख्या भरवशाच्या गाड्या १९७६ नंतर थांबल्या, त्यांच्या जागी आलेली व्होलारे गंजली आणि दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली, कंपनी दिवाळखोरीच्या दारात पोहोचली, आणि १९८० च्या जानेवारीत सरकारने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख ली आयाकोका यांनी ती वाचवली ती एकाच सांगाड्यावर अनेक गाड्या उभारून. प्लायमाउथची रिलायंट आणि डॉजची एरीज, प्लायमाउथची व्हॉयेजर आणि डॉजची कॅरॅव्हॅन, अशा जोड्या त्यातून आल्या. कंपनी जगवायला ते आवश्यकच होते आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. पण १९६० मध्ये सुरू झालेली जुळ्या गाड्यांची रीत त्यानंतर नियम बनली. मित्सुबिशीकडून आणलेली छोटी गाडी तर दोन्ही ब्रँडांखाली ‘कोल्ट’ याच नावाने विकली गेली.

नव्वदच्या दशकात हीच गोष्ट उघड्यावर आली. १९९३ च्या मॉडेल-वर्षासाठी कंपनीने मोठ्या कारची नवी पिढी आणली. तिचा प्रवासी-कक्ष पुढे सरकवलेला होता, रूप आधुनिक होते आणि ती लोकांना आवडली. ती डॉजला इंट्रेपिड म्हणून मिळाली, क्रायसलरला कॉनकॉर्ड म्हणून, आणि १९८७ मध्ये अमेरिकन मोटर्स विकत घेतल्यानंतर उभ्या केलेल्या ईगल या नवख्या ब्रँडलाही व्हिजन म्हणून मिळाली. प्लायमाउथला मिळाली नाही. यानंतर निऑन आली, १९९५ च्या मॉडेल-वर्षाची, आणि ती डॉज व प्लायमाउथ या दोन्हींकडे एकाच नावाने, जवळपास बिल्ल्यापुरता फरक ठेवून विकली गेली. कोल्टसारखा अपवाद सोडला तर आधीच्या जुळ्या गाड्यांना निदान वेगळी नावे आणि वेगळे चेहरे होते. आता कंपनी स्वतःच ग्राहकाला सांगत होती की या दोन दुकानांत काही फरक नाही. फरक नसेल, तर दोन दुकानांच्या जाहिरातीचा खर्च कशासाठी, हा प्रश्न कंपनीच्या हिशेबनीसाच्या मनात आला असेल तर त्यात नवल नाही.

या काळात प्लायमाउथला वेगळेपण देण्याचा एक प्रयत्न झाला आणि तो मला अजूनही खटकतो. १९९७ मध्ये प्रॉव्हलर आली, जुन्या हॉट रॉडच्या (हौशी लोकांनी वेगासाठी बदललेल्या जुन्या गाड्यांच्या) धाटणीची, दोन आसनांची, देखणी गाडी. तिची किंमत ४० हजार डॉलरच्या जवळपास होती. निऑन विकणाऱ्या ब्रँडच्या शोरूममध्ये ती उभी राहिली आणि लोक ती पाहायला आले; पण पाहून भारावलेल्या माणसाने त्या दुकानात पुढे काय घ्यावे, याचे उत्तर तिथे नव्हते. त्या मागोमाग एक खरी संधी चालून आली होती. जुन्या वळणाची, उंच, भरपूर जागेची छोटी गाडी प्लायमाउथसाठी आखली जात होती. तिच्या दिशेने जाणारे ‘प्रोंटो’ नावाचे प्रायोगिक मॉडेल १९९७ मध्ये प्लायमाउथच्याच नावाने दाखवले गेले होते. तीच गाडी २००० मध्ये पीटी क्रूझर म्हणून क्रायसलरच्या बिल्ल्याने बाजारात आली आणि जोरात खपली. प्रॉव्हलरच्या चेहऱ्याशी नाते सांगणारी, पण सामान्य माणसाला परवडणारी ही गाडी प्लायमाउथला मिळाली असती तर दोन्हींचा अर्थ लागला असता.

आता विलीनीकरणाबद्दल. १९९८ मध्ये डाइमलरक्रायसलर स्थापन झाली आणि १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये प्लायमाउथ बंद करण्याची घोषणा झाली. हा क्रम पाहून अनेक जण जर्मन व्यवस्थापनाला जबाबदार धरतात. मला ते अर्धवट वाटते. नव्या मालकांनी पुस्तके उघडली तेव्हा प्लायमाउथकडे निऑन, ब्रीझ, व्हॉयेजर आणि प्रॉव्हलर एवढ्याच गाड्या होत्या. पहिल्या तिघींची जुळी डॉजकडे होती आणि चौथी मोजक्या संख्येत बनत होती. ईगल १९९८ मध्येच थांबली होती. शिवाय प्लायमाउथ बंद करणे तुलनेने सोपे होते, आणि या गोष्टीकडे बाहेरच्यांचे लक्ष जात नाही. अमेरिकेतील राज्यांचे कायदे विक्रेत्याला मोठे संरक्षण देतात. ब्रँड बंद केला तर विक्रेत्याची गुंतवणूक बुडते आणि कंपनीला त्याची भरपाई करावी लागते. जनरल मोटर्सने २००० च्या डिसेंबरमध्ये ओल्ड्समोबिल बंद करायचे ठरवले तेव्हा शेवटची गाडी बाहेर पडायला २००४ चा एप्रिल उजाडला आणि विक्रेत्यांना मोठी भरपाई द्यावी लागली. प्लायमाउथ विकणारे विक्रेते मुख्यतः क्रायसलरचेच होते. त्यांना व्हॉयेजर क्रायसलरच्या नावाने दिली, पीटी क्रूझर दिली, आणि त्यांचे दुकान चालू राहिले. स्वतःचे दुकान नसण्याचा जो दुबळेपणा मी सुरुवातीला सांगितला, तो शेवटी असा भोवला: प्लायमाउथसाठी भांडणारे कोणीच नव्हते.

हे फक्त एका कंपनीत घडले असते तर मी त्याला नियम म्हटले नसते. डॅटसनचे पाहा. निसानने १९८० च्या दशकात सोडलेले हे नाव कंपनीचे तेव्हाचे प्रमुख कार्लोस घोन यांच्या काळात परत आणले. २०१२ मध्ये घोषणा झाली आणि २०१३ मध्ये ‘गो’ ही पहिली गाडी नवी दिल्लीत दाखवली गेली. रशियात या नावाखाली विकलेल्या गाड्या ‘लाडा’ या रशियन ब्रँडच्या सांगाड्यावर होत्या. भारतातली रेडी-गो ज्या सांगाड्यावर होती, त्याच सांगाड्यावरची रेनोची क्विड तिच्या आधी, २०१५ मध्ये, बाजारात येऊन लोकप्रिय झाली होती. म्हणजे इथेही भावंड वाटेत उभे होते. त्यात २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत ‘गो’ला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले, आणि त्या संस्थेने ती गाडी बाजारातून काढून घेण्याची मागणी केली. स्वस्त ब्रँडवरचा असा डाग पुसला जात नाही, कारण ‘पैसे वाचवले ते कुठे वाचवले’ ही शंका ग्राहकाच्या मनात आधीच असते. २०२० मध्ये रशिया आणि इंडोनेशियातून आणि २०२२ मध्ये भारतातून डॅटसन गेली.

सॅटर्नचा मार्ग निराळा होता आणि म्हणूनच ती मला जास्त शिकवून गेली. जनरल मोटर्सने १९८५ मध्ये तिच्यासाठी वेगळी कंपनी काढली, टेनेसीतील स्प्रिंग हिल येथे वेगळा कारखाना उभारला, वेगळे विक्रेते नेमले, किमतीत घासाघीस न करण्याची पद्धत ठेवली, आणि बाजूच्या पत्र्यांऐवजी पोचे न पडणारे प्लास्टिकचे भाग वापरले. १९९० मध्ये पहिली गाडी आली आणि ग्राहकांनी तिच्यावर मनापासून प्रेम केले. प्लायमाउथजवळ जे नव्हते ते सगळे सॅटर्नजवळ होते. पण तिच्यावर झालेल्या खर्चाने कंपनीतल्या इतर विभागांचा रोष ओढवला होता, आणि दुसऱ्या आकाराची गाडी यायला १९९९ उजाडले. नऊ वर्षांत पहिल्या ग्राहकाचे लग्न झाले, मुले झाली, त्याला मोठी गाडी हवी होती, आणि सॅटर्नकडे ती नव्हती. नंतर ज्या आल्या त्या हळूहळू भावंडांच्या जुळ्या होत गेल्या. २००५ च्या मॉडेल-वर्षाची रिले ही मिनीव्हॅन तर शेव्हरोलेच्या अपलँडरची जुळीच होती. २००९ मध्ये पेन्स्के समूहाला ब्रँड विकण्याचा करार शेवटच्या टप्प्यात फिसकटला आणि २०१० मध्ये सॅटर्न थांबली.

टोयोटाच्या सायनबद्दल मात्र माझे मत थोडे सौम्य आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या या ब्रँडची अमेरिकेतील विक्री २००६ मध्ये सुमारे १ लाख ७३ हजारांवर गेली आणि मग उतरली. चौकोनी, हलकी एक्सबी पुढच्या पिढीत मोठी आणि जड झाली, आणि ज्या तरुणांनी तिला उचलून धरले होते त्यांना ती आपली वाटेना. २०१६ मध्ये टोयोटाने ब्रँड बंद केला, पण त्याच्या बहुतेक गाड्या टोयोटाच्या नावाखाली चालू ठेवल्या आणि विक्रेते तेच असल्यामुळे कोणाचे फारसे नुकसान झाले नाही. वेळेवर आणि नीट केलेला शेवट असाही असू शकतो.

कधी कधी उलटही घडते. जनरल मोटर्सने १९२६ मध्ये ओकलंड या ब्रँडला स्वस्त जोडीदार म्हणून पॉन्टियॅक दिली, आणि पाच वर्षांत ओकलंडच बंद पडून पॉन्टियॅक उरली. म्हणजे खालचा ब्रँड दुबळाच असतो असे नाही. ज्याच्याकडे लोकांना हवी असलेली गाडी असते तो टिकतो.

सध्याच्या काळात याचे उत्तम उदाहरण डाचिया आहे. रेनोने १९९९ मध्ये ही रोमानियन कंपनी घेतली आणि २००४ मध्ये लोगन आणली. तिची काटकसर आराखड्यापासूनच केली होती: डावा आणि उजवा आरसा एकच, डॅशबोर्ड एका साच्यातून निघालेला, पुढची काच जवळपास सपाट. दुसऱ्या गाडीतून वस्तू काढून टाकून ती स्वस्त केली नव्हती, त्यामुळे तिच्यात कमतरतेची भावना नव्हती. पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे हे की ज्या युरोपीय बाजारांत डाचिया विकली जाते तिथे रेनो तीच गाडी आपल्या बिल्ल्याने विकत नाही. रशियात आणि दक्षिण अमेरिकेत लोगनवर रेनोचा बिल्ला होता, पण एकाच गावात दोन्ही नव्हत्या. जुळे भावंड समोरच्या दुकानात उभे नाही, सवलतींचा खेळ शक्यतो टाळला जातो, आणि २०१७ पासून सँडेरो ही युरोपात खासगी ग्राहकांनी सर्वांत जास्त घेतलेली गाडी ठरली. १९६० मध्ये क्रायसलरने जे केले ते केले नसते तर प्लायमाउथ कशी राहिली असती, याचा अंदाज मला डाचियाकडे पाहून येतो.

प्लायमाउथ वाचवता आली असती का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे की १९९३ पर्यंत आली असती, त्यानंतर फार कठीण होते. डॉजने स्वस्त छोट्या कार सोडून ट्रक आणि दणकट गाड्यांवर भर दिला असता, निऑन फक्त प्लायमाउथची राहिली असती आणि पीटी क्रूझर तिच्या पाठोपाठ आली असती, तर त्या दुकानात जायला कारण उरले असते. त्यासाठी डॉजच्या विक्रेत्यांना ठामपणे ‘नाही’ म्हणावे लागले असते, आणि ते विक्रेते संख्येने जास्त आणि आवाजाने मोठे होते. निर्णय अखेर त्यांच्याच बाजूने गेला. २८ जून २००१ रोजी इलिनॉय राज्यातील बेल्व्हिडिअरच्या कारखान्यातून शेवटची प्लायमाउथ बाहेर पडली. ती निऑन होती. त्याच कारखान्यात डॉजच्या बिल्ल्याची निऑन २००५ पर्यंत बनत राहिली.